ब्ल्यू फिल्म ढापली तर ती पायरसी होते का? (काथ्याकूट)

भास्कर_भोचक

मंडळी, विषय जरा अडचणीचा आहे, ज्यांना नको त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर येऊन संस्कारांचे डोस पाजू नका. ऑफिसात डबे खाता खाता वाद झाला. टोरेंटवरून सिनेमे उतरवण्याबद्दल चाललं होतं, तर आमचा एक मित्र म्हणतो की बाकीचे सिनेमे उतरवले तर पायरसी, पण पॉर्न उतरवलं तर पायरसी होऊच शकत नाही. का, तर ती वस्तूच बेकायदा, आणि बेकायदा वस्तूची मालकी कायदा मानत नाही. हातभट्टीवाल्याचा कॅन कुणी पळवला तर तो काय पोलीस चौकीत तक्रार करायला जाणार आहे का, असं त्याचं म्हणणं. ऐकायला पटतं खरं. पण मग अमेरिकेत पॉर्न कंपन्या लोकांवर कॉपीराइटचे दावे ठोकतात ते कशाच्या जोरावर? आणि आपल्याकडे काय? कोणी जाणकार असेल तर सांगा, नुसती मतं नकोत (ती येणारच आहेत म्हणा).

खमंग_चकली

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

काळा_कोट

भास्करा, तुझ्या मित्राचं हातभट्टीचं उदाहरणच आधी मोडीत काढते. हातभट्टीवाल्याचा कॅन पळवला तरी ती कायद्याने चोरीच आहे, कारण चोरीच्या व्याख्येत "कोणाच्या ताब्यातून" वस्तू उचलली ते बघतात. तो तक्रार करायला येत नाही कारण आला की स्वतःच आत जाईल. म्हणजे हक्क असणं वेगळं आणि तो हक्क घेऊन कोर्टाच्या दारात उभं राहायची हिंमत असणं वेगळं. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही साधारण तिथेच आहे, पण सविस्तर लिहिते, आज कोर्टाला सुट्टी आहे.

आपला कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ चा. कलम १३ मध्ये कशाकशाला कॉपीराइट मिळतो ते दिलंय. साहित्य, नाटक, संगीत, चित्र वगैरे ओरिजिनल हवं, शिवाय सिनेमा आणि ध्वनिमुद्रण. सिनेमाला अट काय, तर त्याचा मोठा भाग दुसऱ्या कुणाच्या कृतीवरून ढापलेला नसावा. बस. सभ्य असावा, कुटुंबासोबत बघता यावा, असं कुठेही लिहिलेलं नाही. रजिस्ट्रेशनसुद्धा सक्तीचं नाही, कृती तयार झाली की हक्क आला.

आता गंमत बघ. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अश्लील किंवा बीभत्स मजकूर असेल तर ट्रेडमार्क मिळणार नाही. डिझाइन कायद्याच्या कलम ४ मध्येही तेच. पेटंट कायद्यात कलम ३(ब), नीतिमत्तेच्या विरुद्ध असेल तर पेटंट नाही. तिन्ही ठिकाणी ज्या संसदेने ही अट घातली त्याच संसदेने कॉपीराइटच्या कायद्यात ती घातली नाही, इतक्या वेळा दुरुस्त्या झाल्या, १९८४, १९९४, २०१२, तरी नाही. मला वकील म्हणून हे पुरेसं बोलकं वाटतं. वर कलम १६ म्हणतं की कॉपीराइट हा या कायद्याप्रमाणेच मिळतो, दुसऱ्या कुठल्या वाटेने नाही. मग नाकारायचाही याच कायद्याप्रमाणे ना? न्यायाधीशांना आवडलं नाही म्हणून नाही.

संस्कारी_सदू

म्हणजे उद्या कोणीही काहीही घाण बनवणार आणि आपल्या टॅक्सच्या पैशावर चालणारी कोर्टं त्याच्या धंद्याची राखण करणार? कायद्यात लिहिलं नाही म्हणून काय झालं, कोर्टाला स्वतःची अक्कल असते की नाही. घाणीला संरक्षणच दिलं नाही तर घाण आपोआप बंद होईल, साधं गणित आहे.

जुना_कॅसेटवाला

सदूभाऊ, बंद होईल? अहो ऐंशीच्या दशकात आमची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती, उपनगरात, जागा सांगत नाही. काउंटरखालच्या कॅसेटवर ना कंपनीचं नाव असायचं ना पत्ता, कॉपीची कॉपीची कॉपी, चित्र इतकं पुसट की पडद्यावर माणसं आहेत का धुकं ते कळायचं नाही. मूळ मालकाला एक छदाम मिळत नव्हता. तरी धंदा तेजीत! उलट हिंदी पिक्चरच्या कॅसेटसाठी कंपनीची माणसं छापे टाकायची, या मालासाठी फक्त पोलीस, आणि ते कॉपीराइटसाठी येत नव्हते एवढंच सांगतो.

खमंग_चकली

कॅसेटवाले काका, आत्मचरित्र लिहा.

काळा_कोट

सदूभाऊ, तुमचं गणित इंग्लंडमध्ये दोनशे वर्षांपूर्वी सोडवून झालंय आणि उत्तर उलटं आलंय. लॉर्ड एल्डन नावाचे लॉर्ड चॅन्सेलर होते, तुमच्याच मताचे. १८१७ साली कवी रॉबर्ट सदी त्यांच्याकडे गेला, की माझं तरुणपणीचं एक क्रांतिकारी नाटक चोरून छापतायत, थांबवा. एल्डन म्हणाले नाटक राजद्रोही वाटतंय, असल्या पुस्तकाला कोर्ट मनाई हुकूम देणार नाही. झालं, चोरांना रान मोकळं, धडाधड स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि जे नाटक कोणी वाचलं नसतं ते गल्लीबोळात पोचलं. १८२२ मध्ये कवी बायरनच्या 'केन' या नाटकाच्या बाबतीत तेच. मूळ प्रकाशकाची महागडी आवृत्ती फक्त श्रीमंतांना परवडायची, कोर्टाने हात वर केल्यावर ज्यांच्या हाती ते पडू नये अशी एल्डनसाहेबांची इच्छा होती नेमक्या त्यांच्याच हाती पडलं.

१८२६ चा एक खटला तर आपल्या विषयाला अगदी धरून आहे. हॅरिएट विल्सन ही लंडनची नामांकित गणिका, तिने आठवणी लिहिल्या, अर्ध्या हाउस ऑफ लॉर्ड्सची झोप उडाली. प्रकाशक स्टॉकडेलने चोरून छापणाऱ्यावर दावा लावला, कोर्टाने हाकललं, पुस्तक अनैतिक आहे म्हणून. चोरांचं फावलं. शेवटचा ठळक निकाल १९१५ चा, एलिनॉर ग्लिनची 'थ्री वीक्स' ही कादंबरी, तिच्यावर कुणी विनोदी सिनेमा काढला, बाईंनी दावा केला, न्यायमूर्ती यंगर म्हणाले कादंबरीच इतकी अनैतिक आहे की कॉपीराइटचं संरक्षण नाही. आज ती कादंबरी वाचलीत तर त्यात वाघाच्या कातड्यापलीकडे फार काही सापडणार नाही. संध्याकाळी सात वाजताच्या मराठी मालिकेत याहून जास्त असतं.

हाच तर मुद्दा आहे. अश्लील काय हे ज्या त्या वर्षी बदलतं, आणि कॉपीराइट चालतो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं.

भास्कर_भोचक

भारी माहिती. पण हे सगळं विलायतेतलं झालं, आपल्याकडचं काही?

काळा_कोट

आपल्याकडचं तर मराठीतलंच आहे. चंद्रकांत काकोडकर आठवतात का? लायब्ररीत हात लावला की लायब्ररीवाली मावशी चष्म्यावरून बघायची ते. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, कलम २९२ खाली अश्लीलतेचा खटला, मॅजिस्ट्रेटने सोडलं, हायकोर्टाने शिक्षा दिली, आणि १९६९ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं की कथा साहित्य म्हणून फार उच्च नसेल, पण अश्लील नाही, सुटले.

आता मला सांगा, कॉपीराइट जर अश्लीलतेवर अवलंबून असेल तर 'श्यामा'ला कॉपीराइट कधी होता? १९६२ मध्ये छापली तेव्हा होता, शिक्षा झाल्यावर गेला आणि १९६९ ला परत आला? मधल्या काळात कुणी कथा चोरून छापली असती तर तो चोर की साव, हे त्याला सात वर्षांनी कळणार? आणि याच काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवर 'दो रास्ते' हा राजेश खन्नाचा सिनेमा निघाला, १९६९ लाच. तोच लेखक, तीच लेखणी. एका पुस्तकाचे हक्क सिनेमावाले विकत घेतात आणि दुसऱ्याची मालकी कोर्टाच्या मूडवर, असा कायदा चालवायचा कसा?

२०१४ च्या अवीक सरकार निकालात सुप्रीम कोर्टाने जुनी व्हिक्टोरियन कसोटी बाजूला ठेवून समाजाच्या समकालीन मापाने बघायचं ठरवलं, म्हणजे माप आणखीच सरकतं झालं. मालकी हक्क सरकत्या मापावर टांगता येत नाही.

ट्रेंटनचा_गण्या

वाचनखूण साठवली. अमेरिकेचं मी सांगतो, न्यू जर्सीत राहतो आणि या विषयाशी संबंध आलाय (माझा नाही, हसू नका, रूममेटचा, खरंच रूममेटचा).

इथे जुना काळ होता तेव्हा १८६७ साली कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने 'ब्लॅक क्रूक' नावाच्या नाचगाण्याच्या शोला संरक्षण नाकारलं होतं, तोकड्या कपड्यातल्या बायका दाखवण्यापलीकडे त्यात काही नाही म्हणून. पण मुख्य निकाल १९७९ चा. मिचेल बंधू, सॅन फ्रान्सिस्कोचे, 'बिहाइंड द ग्रीन डोअर' हा त्यांचा १९७२ चा गाजलेला पॉर्न सिनेमा. टेक्सासमध्ये एका थिएटरवाल्याने चोरीची प्रिंट लावली, मिचेल बंधूंनी दावा ठोकला तर हा म्हणतो सिनेमा अश्लील आहे, सबब कॉपीराइट नाही. खालच्या कोर्टाला ते पटलं. फिफ्थ सर्किटच्या अपील कोर्टाने उलटवलं. कारण साधारण वर वकीलबाईंनी सांगितलं तेच, संसदेने कायद्यात मजकुराची अट घातलीच नाही, आणि ट्रेडमार्कच्या कायद्यात घातली होती म्हणजे घालता येत नव्हती असं नाही. शिवाय अश्लीलता तिथे गावागणिक ठरते, १९७३ च्या मिलर निकालामुळे, मग डॅलसमध्ये कॉपीराइट नाही आणि न्यूयॉर्कमध्ये आहे असलं कडबोळं होईल. १९८२ मध्ये नाइन्थ सर्किटने पण हेच धरलं. (अवांतर: ट्रेडमार्कमधली ती अनैतिकतेची अटसुद्धा २०१९ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने उडवली.)

पण सगळे जज एका माळेचे मणी नाहीत. १९९८ ला न्यूयॉर्कमध्ये डेव्हिल्स फिल्म्स नावाच्या कंपनीने पायरेट केलेल्या कॅसेट जप्त करायला मार्शल (कोर्टाचे पोलीस) मागितले तर जज म्हणाले हा माल बघता मी यांच्यासाठी कोर्टाची ताकद वापरणार नाही. म्हणजे कॉपीराइट नाही असं छातीठोक म्हटलं नाही पण मदतही केली नाही.

भास्कर_भोचक

रूममेटचं काय झालं ते सांग आधी!

ट्रेंटनचा_गण्या

सांगतो. इंटरनेट कनेक्शन त्याच्या नावावर. एक दिवस इंटरनेट कंपनीचं पत्र आलं, की अमुक प्रॉडक्शनने कोर्टात "जॉन डो" (म्हणजे नाव माहीत नसलेला माणूस) वर दावा केलाय, तुमच्या आयपी अ‍ॅड्रेसवरून त्यांच्या फिल्म टोरेंटवर शेअर झाल्यात, कोर्टाने आम्हाला तुमचं नाव द्यायला सांगितलंय, हरकत असेल तर या तारखेच्या आत कळवा. खाली फिल्मच्या नावांची यादी, ती नावं इथे लिहिली तर अ‍ॅडमिन धागा उडवेल. एच-वन-बी व्हिसावरचा माणूस, बायको भारतातून यायची होती, घाम फुटला नुसता. त्याला कायद्याची भीती नव्हती इतकी नाव बाहेर येण्याची होती. आणि या धंद्याचं सगळं गणित तिथेच आहे बघा. कायद्यात एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर दंड, मुद्दाम केलं असं ठरलं तर दीड लाख डॉलरपर्यंत. एवढे आकडे दाखवायचे आणि वर गपचूप काही हजारांत मिटवू म्हणायचं. साध्या सिनेमाच्या पायरसीत माणूस लढेल पण या फिल्मच्या यादीखाली स्वतःचं नाव कोर्टाच्या रेकॉर्डवर कोणाला हवंय. त्याने वकील गाठला, वकिलाने नाव गुप्त ठेवायचा अर्ज केला, पुढे मिटलं, किती दिले ते मी विचारलं नाही त्याने सांगितलं नाही.

काळा_कोट

गण्या, याचा कळस म्हणजे प्रेंडा लॉ. नाव ऐकलं नसेल तर ऐका. जॉन स्टील आणि पॉल हॅन्समायर हे दोन वकील, पॉर्न फिल्मच्या कॉपीराइटवर लोकांना नोटिसा पाठवून पैसे उकळायचे. पुढे पुढे तर स्वतःच फिल्म बनवून घेतल्या, स्वतःच पायरेट बे या टोरेंट साइटवर टाकल्या आणि ज्याने उतरवली त्याला नोटीस. मधे खोट्या कंपन्यांची रांग. कॅलिफोर्नियाच्या जज ओटिस राइट यांनी २०१३ मध्ये त्यांना झोडपणारा जो आदेश दिला तो 'स्टार ट्रेक'च्या संदर्भांनी भरलेला आहे, वेळ मिळाला तर जरूर वाचा, कायद्याच्या माणसाला इतकी करमणूक क्वचित मिळते. २०१९ मध्ये हॅन्समायरला चौदा वर्षं, स्टीलला पाच वर्षं.

पण लक्षात घ्या, त्यांना शिक्षा झाली ती फसवणुकीची. फिल्मला कॉपीराइट नव्हता असं कोणीच म्हटलं नाही.

ट्रेंटनचा_गण्या

बरोबर, आणि आता जी कंपनी अमेरिकेत सर्वात जास्त असे दावे करते, स्ट्राइक थ्री होल्डिंग्ज, तिचं प्रकरण वॉशिंग्टनला जज लॅम्बर्थ यांच्यापुढे आलं २०१८ ला. त्यांनी कंपनीला सरळ कॉपीराइट ट्रोल (दाव्याची धमकी देऊन पैसे उकळणारी) म्हटलं, फिल्मचं स्वरूप बघता अशा माणसाचं नाव उघड करण्यात त्याची जास्त बदनामी आहे म्हणून नाव मागायला नकार दिला. २०२० ला अपील कोर्टाने तो निकाल फिरवला, कृतीत काय दाखवलंय त्यावर कॉपीराइटवाल्याचे कोर्टातले हक्क कमी जास्त होत नाहीत म्हणून. मला व्यक्तिशः लॅम्बर्थ पटतात पण कायदा अपील कोर्टाच्या बाजूने आहे हे मान्य.

ज्यांना पत्र आलंय त्यांच्यासाठी एक, २०१८ चा नाइन्थ सर्किटचा निकाल आहे (साध्या सिनेमाचा), कनेक्शन तुमच्या नावावर आहे एवढ्यावरून तुम्हीच उतरवलं असं होत नाही. तेव्हा घाबरून पहिल्याच फोनवर पैसे देऊ नका, वकील गाठा, आणि पत्र केराच्या टोपलीतही टाकू नका, तारीख उलटली की नाव जातं.

म्युनिकवासी

जर्मनीची बाजू. इथे म्युनिकच्या कोर्टाने २०१३ मध्ये मजेशीर निकाल दिला. पॉर्न फिल्मवाल्यांना म्हणाले की अश्लीलता वगैरे आम्ही बघतच नाही, पण यात लैंगिक क्रिया नुसती आदिम पद्धतीने दाखवलेली आहे, कोणाची बौद्धिक निर्मिती दिसत नाही, त्यामुळे "सिनेकृती" म्हणून संरक्षण नाही. थोडक्यात सेन्सॉरने नाही तर समीक्षकाने मारलं! त्याखालचं एक हलकं संरक्षण, नुसत्या हलत्या चित्रांना मिळतं ते, मिळू शकलं असतं पण फिल्म जर्मनीत प्रसिद्ध झाल्याचं सिद्ध होत नव्हतं म्हणून तेही गेलं.

आणि त्याच वर्षी डिसेंबरात रेडट्यूब या पॉर्न साइटचं प्रकरण. हजारो लोकांना २५० युरोच्या नोटिसा, त्यांनी उतरवलंही नव्हतं, नुसतं स्ट्रीमिंगवर बघितलं म्हणून. ऐन ख्रिसमसच्या तोंडावर घराघरात पोस्टाने, लिफाफा कोणी उघडला त्यावर संसार अवलंबून. कोलोनच्या कोर्टाने आधी पत्ते द्यायला परवानगी दिली होती, मग चूक मानली.

संस्कारी_सदू

म्युनिकवाल्या कोर्टाचं आवडलं. कला नाही तर हक्क नाही. आपल्याकडे पण हेच लावा.

म्युनिकवासी

मग सदूभाऊ अर्धे मराठी सिनेमेसुद्धा उघड्यावर पडतील 😄

पूर्वेकडचा_पाव्हणा

आशियाचं थोडक्यात. चीनच्या कॉपीराइट कायद्यात कलम ४ होतं की ज्या कृतीच्या प्रकाशनावर बंदी तिला संरक्षण नाही. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, २००९ मध्ये निकाल चीनच्या विरुद्ध गेला, २०१० मध्ये चीनने कलम बदललं. मुद्दा बर्न कराराचा (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) होता, त्याच्या कलम १७ प्रमाणे सरकार कृतीचं प्रदर्शन, वितरण रोखू शकतं, बंदी घालू शकतं, पण म्हणून लेखकाचा हक्कच पुसून टाकू शकत नाही. कोरियाच्या सुप्रीम कोर्टानेही अश्लील कृतीला कॉपीराइट असतो असंच धरलंय. तैवान आधी नाही म्हणत होतं, जपानी कंपन्यांनी दावे लावल्यावर तिथल्या कोर्टाचाही सूर बदलला.

काळा_कोट

बर्न करारात भारतही आहे, त्यामुळे पाव्हण्यांनी सांगितलेलं कलम १७ आपल्यालाही लागू.

आता भास्करचा मूळ प्रश्न, आपल्याकडे प्रत्यक्षात काय. आधी एक घोळ निस्तरू. "अ‍ॅडल्ट" म्हणजे सगळं एकच नाही. सेन्सॉर बोर्डाचं ए सर्टिफिकेट असलेला सिनेमा हा पूर्ण कायदेशीर माल. २०१६ मध्ये 'ग्रेट ग्रँड मस्ती' रिलीजच्या आधीच लीक झाला, मुंबई हायकोर्टात प्रकरण गेलं, ए वाला सिनेमा आहे म्हणून हक्क कमी, असलं काही नसतं.

खरा प्रश्न सर्टिफिकेट न मिळणाऱ्या मालाचा. तिथे हक्क आहे असं मी म्हणते, पण तो वापरून दाखवा! वितरण केलं तर पूर्वीचं कलम २९२, आता न्याय संहितेचं २९४. ऑनलाइन टाकलं तर आयटी कायद्याचं ६७ आणि ६७अ. डीव्हीडी काढायची तर कॉपीराइट कायद्याच्याच कलम ५२अ प्रमाणे त्यावर सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत छापायला लागते, ती आणणार कुठून? कलाकाराशी करार केला असेल तर काँट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २३, अनैतिक हेतूचा करार रद्दबातल. मनाई हुकूम मागायला गेलात तर समोरचा वकील म्हणणार की दावा करणाऱ्याचं वागणंच असं आहे की कोर्टाने मदत करू नये, स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ४१ मध्ये तशी तरतूद आहे. आणि नुकसानभरपाई कशाची मागणार? जो माल इथे कायदेशीर विकताच येत नाही त्याचा बुडालेला नफा कोर्टाला कसा मोजून दाखवणार?

म्हणून मिचेल बंधूंसारखा खटला आपल्याकडे कोणी लढत नाही. दाव्याचा पहिला परिच्छेद हाच फौजदारी गुन्ह्याचा कबुलीजबाब होतो. जुलै २०२५ मध्ये सरकारने उल्लू, एएलटीटी धरून पंचवीस अ‍ॅप बंद केली, पण त्यांच्या मालिकांचा कॉपीराइट त्यामुळे गेला नाही, तो निर्मात्याकडेच आहे. दुकानाला टाळं लागलं म्हणून मालाची मालकी रस्त्यावर येत नाही.

जुना_कॅसेटवाला

म्हणजे भास्करच्या मित्राला सांगा, चोरी आहे, फक्त फिर्यादी नाही.

सायली_टी

सगळं वाचलं. इतके प्रतिसाद झाले, कंपन्यांचे हक्क झाले, जजसाहेबांची मतं झाली. फिल्ममध्ये जी बाई आहे तिचा हक्क काय, हे एकानेही विचारलं नाही याची नोंद घ्यावी.

मी एका महिला हेल्पलाइनवर स्वयंसेवक आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलींचं "अ‍ॅडल्ट कंटेंट" म्हणजे ब्रेकअपनंतर बॉयफ्रेंडने टाकलेला व्हिडिओ. त्या रडत रडत विचारतात, तो व्हिडिओ माझा आहे ना, मग मी सांगितल्यावर काढतील ना? आणि कॉपीराइट सांगतो की ज्याने शूट केला त्याचा. म्हणजे ज्याने छळलं तोच मालक. वर्षानुवर्षं अमेरिकन साइट्स दुसऱ्या कुठल्याही तक्रारीला दाद देत नव्हत्या पण कॉपीराइटची नोटीस गेली की घाबरून काढायच्या, त्यामुळे मुलींना स्वतःच्याच फोटोची "मालकीण" म्हणून अर्ज भरावा लागायचा. त्यात नाव, पत्ता, सही. ज्या साइटपासून लपायचंय तिलाच पत्ता द्यायचा.

काळा_कोट, तुमचा सगळा युक्तिवाद मान्य आहे. पण हक्क आहे हक्क आहे असं म्हणताना तो कोणाचा आहे हेही लिहा की.

संस्कारी_सदू

सायलीताईंशी सहमत. पहिल्यांदाच या धाग्यावर कोणीतरी कामाचं बोललं.

काळा_कोट

सायली, रास्त बोललीस. लिहिते.

आपल्या कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. चौकटीत कोण आहे याला मालकीत जागा नाही. कलाकाराला कलम ३८ खाली परफॉर्मर म्हणून स्वतंत्र हक्क आहेत, पण सिनेमासाठी लेखी संमती देऊन काम केलं असेल तर ते बहुतेक निर्मात्याच्या हातात जातात. चोरून काढलेल्या व्हिडिओत मात्र संमतीच नाही, तिथे कॉपीराइटच्या वाटेला जाऊच नये. न्याय संहितेचं कलम ७७ चोरून बघण्या-टिपण्याबद्दल आहे आणि त्यात हेही स्पष्ट केलंय की चित्रण करू दिलं पण पसरवायला संमती दिली नव्हती तर पसरवणं हा गुन्हाच. आयटी कायद्याचं ६६इ खाजगीपणाबद्दल. २०२१ च्या आयटी नियमांत अशा मजकुराची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्याने केली तर प्लॅटफॉर्मला सुरुवातीला चोवीस तासांची मुदत घातली होती, पुढे ती कमी झाली, त्यात मालकीचा प्रश्नच येत नाही. आणि मुलगी अल्पवयीन असेल तर ते "कंटेंट" नाहीच, पोक्सोचा गुन्हा आहे, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा व्हिडिओ नुसता जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा धरलंय, त्यावर या धाग्यात चर्चा नको.

कॉपीराइट कामाला येतो तो एकाच ठिकाणी, परदेशी साइट बाकी कशाला जुमानत नसेल आणि फोटो मुलीने स्वतः काढलेला असेल तेव्हा. सेल्फी असेल तर कर्ती तीच, त्याला पाठवला म्हणून मालकी त्याच्याकडे जात नाही, मालकी हस्तांतराला लेखी लागतं. नोटीस वकिलाच्या नावाने, वकिलाच्या पत्त्यावरून पाठवता येते, मुलीचा पत्ता द्यायची गरज नाही.

सायली_टी

हे माहीत नव्हतं, वकिलाच्या पत्त्याचं. एक विचारते, आत्ता जी केस आहे त्यात फोन टेबलावर टेकवून टायमर लावला होता. फोन तिचा, टायमर तिने लावला, पण मित्र म्हणतोय दोघांचा व्हिडिओ आहे, मी पण मालक.

काळा_कोट

फोन कोणाचा यावर नसतं, चित्रण कोणी जुळवलं आणि केलं त्यावर असतं. तिने अँगल लावला, तिने बटण दाबलं, तर कर्ती ती. आणि समजा त्याला अर्धा मालक धरलं तरी काय फरक पडतो? अर्धा मालक असला तरी ७७ आणि ६६इ त्याला लागू आहेतच, मालकी असणं हा तिथे बचावच नाही. तेव्हा दोन्ही करा, आधी सायबर पोर्टलवर तक्रार, ती महत्त्वाची, आणि परदेशी साइटला कॉपीराइटची नोटीस.

तिला सांग मूळ फाइल फोनमधून डिलीट करू नकोस, कितीही वाटलं तरी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कॉपी नाही, कॅमेऱ्यातली मूळ. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल सगळं तिच्यात असतं. लिंकचे स्क्रीनशॉट पूर्ण यूआरएल दिसेल असे घ्या. नोटिशीचा मसुदा मी करून देते, पैसे नको, मला व्यनि (खाजगी निरोप) कर.

सायली_टी

व्यनि केलाय.